वेबसाईट आपल्या गटाची, प्रश्न गिऱ्हाइकाचे



या महिन्याचा धडा वेबसाईटचा आहे. "आमच्या गटाची कुठं आहे वेबसाईट?" असं म्हणून पान उलटू नका. तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर मालाचे फोटो टाकत असाल, गुगल मॅपवर गटाचं दुकान नोंदवलं असेल, किंवा पुढच्या वर्षी काहीतरी करायचं म्हणत असाल, तरी हा धडा तुमच्यासाठीच आहे. आणि तो मी पुस्तकातून नाही, माझ्या चुकीतून शिकले आहे. म्हणून आधी ती चूक सांगते.

चूक माझी होती

आपल्या सोलापूर भागातला एक गट शेंगा चटणी, कडक भाकरी आणि काळा मसाला करतो. गटाचं नाव सांगत नाही, कारण चूक त्यांची नव्हती. मी नुकतीच एमएसडब्ल्यू होऊन कामाला लागले होते. उत्साह भारी. गटाच्या बैठकीत मीच म्हणाले, "आता सगळं ऑनलाइन आहे, आपली वेबसाईट पाहिजे." ताईंनी माझ्यावर विश्वास ठेवून ठराव केला आणि नफ्यातले बारा हजार रुपये त्या कामाला दिले. शहरातल्या एका मुलानं वेबसाईट करून दिली.

वेबसाईट दिसायला छान होती. उघडली की आधी उद्घाटनाचा फोटो. मग गटाची स्थापना, उद्दिष्टं, अध्यक्ष-सचिवांचे फोटो, मिळालेली प्रमाणपत्रं. खाली चटणीचा फोटो आणि ओळ, "उत्कृष्ट दर्जाची, घरगुती चवीची शेंगा चटणी." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

दिवाळी जवळ आली. ऑनलाइन ऑर्डरी येतील म्हणून ताईंनी नेहमीपेक्षा चाळीस किलो शेंगदाणे जास्त भाजले. ऑर्डरी आल्या तीन. बाकीची चटणी भाऊबीजेनंतर आठवडी बाजारात कमी भावानं काढावी लागली. पुढच्या बैठकीत एक अक्का शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, आमचं बाजारातलं फडकं बरं होतं. तिथं माणूस निदान विचारतो तरी." माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्याच आठवड्यात मी पुण्यातल्या माझ्या मावशीला फोन केला. तिला मी वेबसाईटची लिंक पाठवली होती आणि चटणी मागव म्हणून मागे लागले होते. मावशी म्हणाली, "अगं, तुझ्या गटातल्या बायका फोटोत फार छान दिसतात. पण चटणी कितीला आहे ते काही सापडलं नाही. खाली नंबर होता, तो लागला नाही. मग कोपऱ्यावरच्या दुकानातून आणली."

मी स्वतः वेबसाईट उघडून बघितली. किंमत नव्हती. वजन नव्हतं. पार्सल पाठवता की नाही, हे नव्हतं. आणि दिलेला नंबर आधीच्या सचिव ताईंचा होता, त्यांचं सिमकार्ड बंद होऊन चार महिने झाले होते. त्या चार महिन्यांत किती फोन आले आणि परत गेले, हे आपल्याला कधीच कळणार नाही.

गिऱ्हाईक आपल्याकडे कशासाठी येतं?

जरा आठवून बघा. जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेत, गड्ड्यावर आपण स्टॉल लावतो. गिऱ्हाईक येतं, पाकीट हातात घेतं, उलटसुलट करतं आणि विचारतं, "केवढ्याला? लसूण आहे का? लई तिखट आहे का? किती दिवस टिकंल?" आपण उत्तरं देतो. ते निघालंच तर हाक मारतो, "ताई, चाखून तर बघा!"

वेबसाईटवरही तेच गिऱ्हाईक येतं आणि तेच प्रश्न घेऊन येतं. फरक इतकाच, की तिथं बोलायला आपण नसतो. उत्तर सापडलं नाही की ते काही न बोलता निघून जातं. हाक मारायला आपल्याला कळतही नाही.

म्हणून हा धडा एका वाक्यात सांगायचा तर असा: आपल्याला काय दाखवायचंय ते नंतर, गिऱ्हाइकाला काय विचारायचंय त्याचं उत्तर आधी. आमच्या वेबसाईटवर सगळं होतं, फक्त गिऱ्हाइकाच्या प्रश्नांची उत्तरं नव्हती.

पहिलं काम: प्रश्नांची वही

वेबसाईट करणाऱ्याकडे जाण्याआधी एक वीस रुपयांची वही घ्या. ज्या ताईंकडे गटाचा फोन असतो, त्यांच्याकडे ती द्या. पंधरा दिवस जो कोणी फोन करेल, व्हॉट्सअ‍ॅप करेल किंवा स्टॉलवर येईल, त्यानं काय विचारलं ते त्याच्याच शब्दांत लिहा. तोच प्रश्न परत आला की समोर एक रेघ मारा. हजेरीच्या रेघा मारतो तशाच.

आमच्या गटानं हे केलं तेव्हा रेघांच्या क्रमानं हे प्रश्न वर आले:

१. पाव किलो केवढ्याला?
२. पुण्याला, मुंबईला पाठवता का? पाठवणी किती पडते?
३. किती दिवस टिकते?
४. लसणाशिवायची मिळेल का? (चातुर्मास चालू होता, म्हणून हा प्रश्न जास्त आला.)
५. कडक भाकरी वाटेत मोडत नाहीत का?
६. एका पाकिटात किती भाकरी?
७. पैसे आधी द्यायचे की माल आल्यावर?

गटाची स्थापना कधी झाली, हे पंधरा दिवसांत एकानंही विचारलं नाही. उद्दिष्टंही कोणी विचारली नाहीत. ताईंनो, आपला प्रवास मोठा आहे आणि तो सांगायलाच हवा. पण त्याची जागा "आमच्याविषयी" या वेगळ्या पानावर. ज्याला वाचायचंय तो तिथं जाऊन वाचेल.

ही वही फेकू नका. तुमच्या वेबसाईटचा आराखडा तीच आहे. ज्या प्रश्नाला जास्त रेघा, त्याचं उत्तर सगळ्यात वर.

उघडल्या उघडल्या काय दिसायला हवं?

आपलं गिऱ्हाईक बहुतेक वेळा मोबाईलवर बघतं, बसमध्ये बसून नाहीतर गॅसवर कुकर ठेवून. म्हणून वेबसाईट करणाऱ्यानं कॉम्प्युटरवर दाखवली तरी तुम्ही ती साध्या मोबाईलवरच उघडून बघायची. बोटानं वर न सरकवता पुढच्या पाच गोष्टी दिसल्या पाहिजेत:

• आपण काय विकतो. "शेंगा चटणी, कडक भाकरी, काळा मसाला" इतकं सरळ. "आरोग्यदायी परंपरेचा वारसा" वाचून कुणालाही चटणी आठवत नाही.
• कुठून आहे. गाव, तालुका, जिल्हा.
• कुठं पाठवता. "महाराष्ट्रात सगळीकडे पोस्टानं पाठवतो" किंवा "फक्त सोलापूर शहरात घरपोच", जे खरं असेल ते.
• फोन आणि व्हॉट्सअ‍ॅप नंबर. बोट लावलं की फोन लागला पाहिजे.
• कोणत्या वेळेत फोन घेता.

यात एक बारकी गोष्ट आहे, ती वेबसाईट करणाऱ्याला नक्की सांगा. नंबर आणि किंमत फोटोवर छापलेली नको, अक्षरांत टाइप केलेली हवी. पुष्कळ ठिकाणी फ्लेक्सचाच फोटो काढून वेबसाईटवर चिकटवलेला असतो. त्यातल्या नंबरावर बोट लावून फोन लागत नाही, आणि भाव बदलला की अख्खा फोटो नव्यानं करावा लागतो. शिवाय मोठा फोटो उघडायला वेळ लागतो. रेंज कमी असली की गिऱ्हाईक पांढऱ्या पडद्याकडे बघत बसतं आणि कंटाळून जातं.

मालाचं नाव मराठीत लिहाच, पण सोबत इंग्रजी अक्षरांतही लिहा. पुण्या-मुंबईत राहणारी आपली मराठी माणसंसुद्धा मोबाईलवर शोधताना "शेंगा चटणी" हे शब्द इंग्रजी अक्षरांतच टाइप करतात. दोन्ही लिहिलं तर सापडायची शक्यता वाढते.

मालाची माहिती: आधी आणि नंतर

आमच्या वेबसाईटवर आधी हे होतं:

"उत्कृष्ट दर्जाची, घरगुती चवीची शेंगा चटणी."

वहीतले प्रश्न समोर ठेवून ताईंनी बैठकीतच नवीन मजकूर सांगितला, मी लिहून घेतला:

"शेंगा चटणी, लसूण घातलेली. उखळात कुटलेली, त्यामुळे थोडी जाडसर आणि तेल सुटलेली. तिखटपणा मध्यम. पाकीट २५० ग्रॅम. त्यात काय आहे: भाजलेले शेंगदाणे, लाल तिखट, लसूण, जिरे, मीठ. दुसरं काही नाही. ओला चमचा घालू नये. लसणाशिवायची हवी असल्यास ऑर्डर देताना सांगा, ती वेगळी करून देतो. ज्यांना शेंगदाणा चालत नाही त्यांनी घेऊ नये."

त्याखाली किंमत आणि किती दिवस टिकते ते. बघा, यात एकही भारी शब्द नाही. पण "जाडसर आणि तेल सुटलेली" वाचल्यावर ज्याला चटणी कळते, त्याच्या तोंडाला पाणी सुटतं. आणि ज्याला मिक्सरमधली बारीक पूड आवडते, तो आधीच सावध होतो. नको त्याला माल जाऊन तक्रार येण्यापेक्षा हे बरं.

कडक भाकरीला असं लिहिलं: "ज्वारीची. एका पाकिटात १० भाकरी. खोक्यात वर-खाली कागद घालून पाठवतो, तरी एखाददुसरी मोडू शकते. तीनपेक्षा जास्त मोडल्या तर फोटो पाठवा, पुढच्या ऑर्डरमध्ये तेवढ्या भरून देतो." हे लिहायला ताई आधी तयार नव्हत्या. "आपणच कशाला सांगायचं मोडतात म्हणून?" असं म्हणाल्या. पण भाकरी मोडते हे गिऱ्हाइकाला माहीतच असतं. आपण सांगितलं की त्याला वाटतं, ही माणसं खरं बोलतात.

खरं बोलण्यावरून आणखी दोन गोष्टी.

एक, टिकण्याचा काळ अंदाजानं लिहू नका. त्याच दिवशी केलेली चार पाकिटं बाजूला ठेवा, ठरावीक दिवसांनी एकेक उघडा, वास आणि चव बघा, तारखेसह वहीत लिहा. शेंगदाण्याला खवट वास लागतो, तो उन्हाळ्यात लवकर लागतो. त्यातून जे निघेल त्यापेक्षा कमीच दिवस लिहा. जमेल तेव्हा प्रयोगशाळेतून तपासून घ्या.

दोन, नाव उसनं घेऊ नका. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे. आपली ज्वारी दुसऱ्या तालुक्यातली असेल तर भाकरीवर "मंगळवेढ्याची ज्वारी" लिहायचं नाही. ते गिऱ्हाइकाला फसवणं आहे, आणि तिथल्या शेतकऱ्यांचाही तोटा आहे. "सेंद्रिय" हा शब्दही प्रमाणपत्र असल्याशिवाय लिहू नका.

आता नियमाचं. खाण्याचा पदार्थ विकायचा तर एफएसएसएआयची नोंदणी लागते आणि तिचा १४ अंकी क्रमांक पाकिटावर लागतो. पॅकबंद मालावर करणाऱ्याचं नाव-पत्ता, पदार्थाचं नाव, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, कोणत्या महिन्यात-वर्षात केला ते आणि तक्रारीसाठी संपर्क हेही लागतं. ऑनलाइन विकताना यातली बहुतेक माहिती गिऱ्हाइकाला पडद्यावरही दिसायला हवी. सगळ्यात सोपं म्हणजे पाकिटाच्या मागच्या बाजूचा स्वच्छ फोटो काढून मालाच्या फोटोशेजारी ठेवा, आणि तीच माहिती खाली अक्षरांतही लिहा.

फोटो कसा काढायचा?

स्टुडिओ नको, महागडा मोबाईल नको. सकाळच्या उजेडात, दारात किंवा खिडकीशेजारी काढा. फ्लॅश बंद ठेवा, त्यानं चटणीचा रंग खोटा दिसतो. एका मालाचे तीन फोटो पुरतात: पाकीट पुढून, पाकीट मागून आणि माल उघडा करून वाटीत. वाटीशेजारी चमचा ठेवा किंवा पाकीट हातात धरा, म्हणजे ते केवढं आहे हे कळतं. फोटोत मोठं दिसलेलं पाकीट हातात छोटं आलं की गिऱ्हाईक नाराज होतं, मग चटणी कितीही चांगली असो.

दुसऱ्याचा फोटो इंटरनेटवरून उचलून लावू नका. माल आपला, फोटोही आपलाच.

पाठवणी, पैसे आणि तक्रार

गिऱ्हाईक शेवटच्या पायरीवर अडतं ते इथं. तीन गोष्टी स्पष्ट लिहा.

पाठवणी: पार्सलचा दर वजनाच्या टप्प्यानं वाढतो आणि वजन धरताना खोकं, कागद, चिकटपट्टी सगळं धरलं जातं. पाव किलोची दोन पाकिटं म्हणजे चटणी अर्धा किलो, पण पार्सल अर्ध्या किलोच्या वर जातं आणि दर पुढच्या टप्प्याचा लागतो. म्हणून नेहमी जाणारी दोन-तीन मापं खोक्यासकट भरून आपल्या पोस्टात न्या, वजन करून पुणे, मुंबई, नागपूर असे दर विचारा आणि ते वेबसाईटवर लिहा. ऑर्डर दिल्यावर "पाठवणीचे आणखी इतके" असं कळलं की पुष्कळ जण माघार घेतात. आधी कळलं तर ते स्वतःच हिशोब करतात आणि शेजारणीचीही ऑर्डर जोडून देतात. माल कोणत्या वारी निघतो तेही लिहा. आमचा गट आता मंगळवारी आणि शुक्रवारी पोस्टात जातो आणि तसं लिहून ठेवलं आहे. रोज "निघालं का?" विचारणारे फोन त्यामुळं कमी झाले.

पैसे: क्यूआर कोड गटाच्या बँक खात्याचा हवा, कुणा एकीच्या खात्याचा नको. नाहीतर हिशोबात गोंधळ होतो आणि विनाकारण मनं दुखावतात. गिऱ्हाइकानं पैसे भरल्याचा फोटो पाठवला तरी खात्यात पैसे जमा झालेले बघूनच माल पाठवा, तसे खोटे फोटो करता येतात. आणि ही गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगा: आपल्याला पैसे यायचे असतील तर पिन टाकावा लागत नाही. "पैसे पाठवतोय, हा कोड स्कॅन करून पिन टाका" असं कोणी म्हणालं तर फोन ठेवा. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर कळवा.

तक्रार: माल खराब निघाला, फुटला, चुकीचा गेला तर काय करणार, ते दोन ओळींत लिहा. "माल मिळाल्यापासून तीन दिवसांत फोटो पाठवा, बदलून देऊ किंवा पैसे परत करू." जेवढं पाळता येईल तेवढंच लिहा. लिहिलं की पाळायचंच.

गिऱ्हाइकांचे चांगले शब्द त्यांना विचारून जरूर टाका. पण आपणच आपलं कौतुक लिहून खाली "एक ग्राहक" असं टाकू नका. वाचणाऱ्याला ते लगेच ओळखू येतं.

फोन कुणाचा? चावी कुणाकडे?

आमची चूक इथंही होती, म्हणून हा भाग नीट वाचा.

नंबर गटाचाच असावा. त्यासाठी वेगळं सिम घ्या. कुणा ताईंचा घरचा नंबर वेबसाईटवर टाकला की रात्री-अपरात्री फोन येतात, घरात कटकट होते आणि शेवटी ती ताई फोनच घेईनाशी होते. हे मी दोन गटांत बघितलं आहे. फोन घेण्याची वेळ लिहा, सकाळी १० ते संध्याकाळी ६ अशी. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस या मोफत अ‍ॅपमध्ये त्या वेळेबाहेर आपोआप उत्तर जाण्याची सोय आहे: "नमस्कार, आता वेळ संपली आहे, उद्या सकाळी १० नंतर उत्तर देऊ." कोणी घाणेरडं बोललं तर नंबर ब्लॉक करा आणि बैठकीत सांगा. त्यात त्या ताईंचा काही दोष नसतो, आणि लपवायचीही गरज नाही.

वेबसाईटच्या चाव्या गटाच्या हातात हव्यात. चाव्या म्हणजे तीन गोष्टी: वेबसाईटचं नाव (त्याला डोमेन म्हणतात) कुणाच्या नावावर घेतलंय, पासवर्ड कुणाकडे आहे आणि कोणत्या ईमेलवर सगळं नोंदलंय. आमचं हे तिन्ही त्या मुलाकडे होतं. नंबर बदलायचा तर तो फोन उचलेना. शेवटी त्याच्या घरी जाऊन बसावं लागलं. म्हणून पैसे देण्याआधी लिहून घ्या: ईमेल गटाचा, डोमेन गटाच्या नावावर, पासवर्ड गटाकडे. डोमेनचे पैसे ठरावीक मुदतीनं, बहुधा दरवर्षी भरावे लागतात. चुकले तर वेबसाईट बंद पडते आणि ते नाव दुसरा कोणीही घेऊ शकतो. बँकेच्या हप्त्यासारखी ती तारीख प्रोसिडिंगमध्ये लिहून ठेवा. पासवर्ड मात्र प्रोसिडिंगमध्ये लिहू नका. तो बंद पाकिटात, पदाधिकाऱ्यांच्या सहीनं, गटाच्या पेटीत ठेवा.

वेबसाईटवर सदस्यांचे आधार कार्ड, पासबुक, घरचे पत्ते, लेकरांचे फोटो टाकायचे नाहीत. आमच्या वेबसाईटवर एका प्रमाणपत्राच्या फोटोमागे एका ताईंचं पासबुक दिसत होतं. कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं, माझ्याही नाही.

वेबसाईट नसेल तर?

घाई करू नका. कर्ज काढून तर मुळीच नको. आधी मोफतचं पुरेपूर वापरा. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये कॅटलॉग असतो. त्यात मालाचा फोटो, नाव, किंमत आणि माहिती टाकता येते आणि त्याची लिंक कोणालाही पाठवता येते. गुगलवर बिझनेस प्रोफाइल मोफत करता येतं, त्यामुळं मॅपवर गटाचं नाव, फोन, वेळ आणि फोटो दिसतात. पाच-सहा वस्तू विकणाऱ्या गटाला सुरुवातीला एवढं पुष्कळ होतं.

एक सावधगिरी. गुगल पूर्वी या प्रोफाइलसोबत छोटी मोफत वेबसाईटही द्यायचं. त्या वेबसाईट मार्च २०२४ मध्ये बंद झाल्या. काही गटांच्या पाकिटांवर, कार्डांवर अजून तोच जुना पत्ता छापलेला दिसतो. तुमच्या पाकिटावरचा पत्ता आज मोबाईलवर टाकून बघा. उघडत नसेल तर छापलेली पाकिटं संपेपर्यंत त्यावर नव्या नंबराचा स्टिकर लावा.

पुढच्या बैठकीत करायचा सराव

वाचून सोडून देऊ नका. बैठकीत अर्धा तास यासाठी काढा.

१. गटाबाहेरच्या एकीला बोलवा. सून, भाची, अंगणवाडी ताई, कोणीही चालेल, फक्त तिनं आपली वेबसाईट किंवा कॅटलॉग आधी पाहिलेला नको.
२. तिच्या हातात मोबाईल द्या आणि सांगा, "पाव किलो चटणी पुण्याला पाठवायची आहे. सगळे मिळून किती पैसे होतील आणि कधी पोचेल, ते शोध."
३. तुम्ही गप्प बसायचं. "वर बघ, खाली बघ" असं सांगायचं नाही. हे सगळ्यात अवघड आहे, मला आधीच माहीत आहे!
४. ती कुठं अडली ते सचिव ताईंनी वहीत लिहायचं.
५. जिथं अडली, ती एकच गोष्ट या महिन्यात दुरुस्त करायची. पुढच्या महिन्यात दुसरी.
६. भाव, नंबर आणि "आज काय शिल्लक आहे" हे दर महिन्याला कोण बघणार, त्या ताईंचं नाव ठरावात लिहायचं.

सहावा मुद्दा हलका समजू नका. शेंगदाण्याचा भाव चढला की आपण पाकिटाची किंमत वाढवतो, पण वेबसाईटवर जुनीच राहते. मग गिऱ्हाईक म्हणतं, "तिथं तर कमी लिहिलंय." आता पडती बाजू आपली. जुनी माहिती असण्यापेक्षा वेबसाईट नसलेली बरी.

मग पुढं काय झालं?

तुम्ही विचारालच, म्हणून सांगते. वेबसाईट दुरुस्त केल्यावर ऑर्डरींचा पाऊस पडला, असं काही झालं नाही. पुढच्या दिवाळीत ताईंनी जपून, आलेल्या ऑर्डरी मोजून शेंगदाणे भाजले. माल अंगावर पडला नाही. फोनवरचं बोलणं मात्र बदललं. आधी "केवढ्याला?" विचारून फोन ठेवणारे जास्त होते. आता लोक सगळं वाचून फोन करतात आणि म्हणतात, "दोन लसणाची, एक बिगरलसणाची पाठवा." त्या ऑर्डरींत मावशीचीही एक होती. तिनं मला न सांगता, स्वतःच वेबसाईटवर बघून दिली होती.

आणि त्या अक्का? प्रश्नांची वही आता त्यांच्याकडेच असते. त्यांना लिहिता येत नाही, म्हणून नात लिहिते. पण कोणत्या प्रश्नाला किती रेघा झाल्या, ते त्या तोंडपाठ सांगतात. मागच्या भेटीत मला म्हणाल्या, "मॅडम, काळ्या मसाल्याला विचारतात, किती भाजीला किती चमचे घालायचा. ते तुम्ही लिहिलंच नाही." खरंच लिहिलं नव्हतं. त्याच दिवशी लिहिलं.

तुमच्या वहीत कोणते प्रश्न सापडले, ते मला पुढच्या भेटीत दाखवा. दर गटाचे प्रश्न वेगळे निघतील, कारण दर गटाचा माल वेगळा आहे. निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं आपण पुढच्या अंकात छापू, म्हणजे एका गटाचं शिकणं सगळ्यांच्या उपयोगी पडेल.

आपली,
क्षेत्र समन्वयक